बाईचं रान

आमच्या भावकीत वंशावळ कधी कुणी हौसेनं काढलेली नाही. वाटणी, कज्जा, वारसाचा फेर, कर्जासाठी लागणारी सही, यातलं काहीतरी अडलं की मगच कुणीतरी वहीचं पान आडवं धरतं, वर मधोमध मूळपुरुषाचं नाव लिहितं आणि खाली रेघा ओढायला लागतं. २०२३ च्या सप्टेंबरानंतर मात्र हे काम घराघरांत शिरलं. निजामकाळातल्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तहसिलीतली जुनी कपाटं उघडली आणि ज्यांना पणजोबाचं नाव सांगता येत नव्हतं ती पोरं सहा-सहा पिढ्या पाठ म्हणायला लागली. टपरीवर ‘पाऊस पडला का’ याच्या जागी ‘नोंद सापडली का’ आलं. आरक्षणाचा वाद मी इथं काढणार नाही, तो करायला माणसं भरपूर आहेत. त्या शोधात आमच्या हाताला जे भलतंच लागलं, त्याबद्दल लिहितोय.

गाव निलंगा तालुक्यातलं, तेरणा मांजरेला मिळते त्या अंगाचं. नाव लिहीत नाही. घरातल्या माणसांचीही लिहिणार नाही, कारण भावकीतले चारजण हे वाचतील आणि कुठल्या थोरल्याचं नाव आधी आलं यावरून दिवाळीपर्यंत बोलणं बंद होईल. तसंही आमच्यात नावं दोनच. आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं, त्यामुळे सात पिढ्यांत तीच दोन नावं आलटून पालटून येतात. बापाचा मुलगा आजोबा, आजोबाचा मुलगा बाप, असा तो पाळणा. तहसिलीतल्या कारकुनानं एकदा वैतागून विचारलं होतं, “यातले मेलेले कोणते आणि जिवंत कोणते, तेवढं सांगा.”

गाव एका जागी आणि कागद भलतीकडे, ही आमच्या भागाची जुनी तऱ्हा. माझे आजोबा आणि वडील बिदर जिल्ह्यात जन्मले. मी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि माझा धाकटा भाऊ, १९८३ चा, तो लातूर जिल्ह्यात. चौघंही एकाच घरात, त्याच उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत, त्याच खिडकीखाली. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदरमधून काढून उस्मानाबादला जोडले. लातूर जिल्हा १९८२ चा. भालकी तिकडंच राहिली, आधी म्हैसूर राज्यात, मग कर्नाटकात. त्यामुळे नोंद हुडकायची म्हणजे माझ्या चुलतभावाला बिदरला एक आणि धाराशिवला दोन चकरा, शिवाय निजामी कागदांवरच्या फसली सालात ५९० मिळवून इसवी सन काढायचं गणित. ते त्यानं मोबाइलच्या मागं चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवलं होतं.

आता मूळपुरुषाची कथा. ती आमच्यात अशी सांगतात: घाटाकडून एक माणूस बैलजोडी घेऊन आला, फेट्यात खंडोबाचा टाक बांधलेला. गाव ओस पडलेलं होतं, सरकारी भाषेत बेचिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं. त्यानं कौल, म्हणजे गाव लावायचा सरकारी करार, घेतला, झाडोरा तोडला, गाव वसवलं, म्हणून पोळ्याला वेशीतून पहिला बैल आमचा. सात पिढ्यांचा हिशोब मागं नेला तर हे साधारण दोनशे वर्षांपूर्वीचं ठरतं. त्या काळात निजामाच्या मुलखात सारा वसुलीचे मक्ते दिले जायचे, मक्तेदार रयत पिळायचा, रयत गाव सोडून जायची. निजामाचा दिवाण सालारजंग यानं १८६० च्या दशकात जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, तेव्हा कुठं त्याला आळा बसला. ओस गाव पुन्हा लावायला माणूस मिळावा म्हणून पहिली काही वर्षं सारा माफ किंवा नावापुरता आणि मग दरसाल चढता, अशी बोली असायची. तिला इस्तावा म्हणत. तेव्हा कथेतला कौल पटण्यासारखा आहे.

घाटाकडून आल्याची खूण देवातच आहे. आमच्यापासून अणदूर-नळदुर्गचा खंडोबा जवळ, नांदेडकडचं माळेगावही जवळ. पण आमच्या घरातला नवरदेव लग्नानंतर थेट सातारा जिल्ह्यातल्या पालीला जातो. एसटी नळदुर्गावरून जाते, एक खंडोबा खिडकीतून ओलांडून आम्ही दुसऱ्याकडे निघालेलो असतो. माणूस मुलूख सोडतो, बोली बदलतो, आडनावही बदलतो, पण कुळदैवत बदलायची त्याची छाती होत नाही.

गाव ‘वसवलं’ या शब्दावर मात्र माझा पूर्वीपासून थोडा राग आहे. आमचं गावठाण पांढरीवर आहे. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखट, भुसभुशीत माती. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, घालायला दुसरी माती चालत नाही, पाणी गळतं. लहानपणी आम्ही ती खणायला जायचो तेव्हा टोपलीत खापरं यायची, शंखाच्या बांगडीचे तुकडे यायचे, एकदा भोक पाडलेला लाल मणी आला. याच तेरणेच्या काठी वर तेर आहे, जुनं तगर. रोमच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं. तेव्हा आमचा मूळपुरुष बैल घेऊन आला त्याआधी इथं कुणाकुणाच्या चुली पेटून विझलेल्या होत्या. ज्यांच्या पांढरीवर आपण घर बांधलं त्यांची वंशावळ कुणाकडं आहे, हे मी एकदा भावकीच्या बैठकीत विचारलं. कुणीतरी चहा सांगितला.

हेळव्याची गोष्ट याहून निराळी. आमच्या सीमेच्या पट्ट्यात सुगी झाली की हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून, घंटा वाजवत यायचे, आता टेम्पोनं येतात. कुळं सांगणं हा त्यांचा पिढीजात धंदा. ओट्यावर बसून पोथी उघडतो, कानडी हेलाच्या मराठीत घडघडा पिढ्या वाचतो, नवी जन्मलेली नावं लिहून घेतो आणि धान्य, धोतर, जमलं तर एखादं भांडं घेऊन पुढं जातो. त्याच्या पोथीत एक नाही, दोन भाऊ आले. थोरला इथं राहिला, धाकटा पुढं भालकीकडे गेला. आमच्या कथेत धाकटा नाहीच. का नाही, हे समजायला फार डोकं लागत नाही: धाकट्याला कबूल केलं की त्याच्या हिश्श्याची जमीनही कबूल करावी लागते. भालकीकडे आमच्या आडनावाची चार घरं आहेत. ती आडनाव कानडी लिपीत लिहितात आणि त्यांचे नवरदेवही पालीलाच जातात.

एवढं सगळं माहीत असून आम्ही शोधत होतो ती एक ओळ, ज्यात पूर्वजाच्या नावापुढं जात लिहिलेली आहे. चुलतभाऊ तीन महिने रेकॉर्डरूमच्या फेऱ्या मारत होता. एका रात्री साडेअकराला भावकीच्या ग्रुपवर फोटो पडला. खाली लिहिलेलं: सापडली!!! पाठोपाठ हात जोडलेले, फटाके, गुलाल.

फोटो खासरा पाहणीच्या, म्हणजे कुठली जमीन कुणाकडं आहे याच्या जुन्या सरकारी नोंदवहीच्या पानाचा होता, १९५४-५५ चा. पुढं मी ते पान प्रत्यक्ष पाहिलं. जाड कागद, चहात बुडवून काढलेल्या टोस्टाच्या रंगाचा, खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. निळी शाई पाण्यानं फुटलेली. लिहिणाऱ्याचा हात मोडीत वाढलेला असावा, कारण आधी पानभर ओळ ओढून मग त्या दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं टांगली होती, शब्द कुठं संपतो ते कळत नव्हतं. सर्व्हे नंबर, अकरा एकर चौदा गुंठे, पोटखराब, आकार. आणि कब्जेदाराच्या रकान्यात एका बाईचं नाव, त्यापुढं ‘कोम’ की ‘कौम’, आणि त्यापुढं एक पुसट शब्द. उर्दू कागदांत जातीला कौम म्हणतात हे एव्हाना पोराटोरांना माहीत झालं होतं. पुसट शब्द म्हणजे जात. ग्रुपवर रात्रभर तो शब्द मोठा करून, उजळ करून, उलटा करून पाहिला गेला. एकाला त्यात ‘कु’ दिसला, मग सगळ्यांना दिसला.

सकाळी आम्ही निलंग्याला एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेलं, मोडी घरात शिकले. माझे आजोबाही असेच होते: अर्ज उर्दूत लिहायचे, सही मोडीत करायचे आणि हरिविजय बाळबोधीत वाचायचे. तीन लिप्या येणारा तो माणूस सातवी पास होता. गुरुजींनी भिंग घेतलं, फोटोवर फिरवलं, मग भिंग खाली ठेवून चुलतभावाकडे पाहिलं.

“लेका, ही जात नव्हं. हा नवरा हाय.”

कोम म्हणजे अमक्याची बायको. पुरुषाच्या नावापुढं वल्द, बाईच्या नावापुढं कोम. पुसट शब्द आमच्या दोन नावांपैकीच एक होता. चुलतभावाचा चेहरा पडला, तो मोबाइल खिशात घालून बाहेर जाऊन बसला. परतीच्या वाटेत तो एवढंच म्हणाला, “तीन महिने घातलो आन् म्हातारी सापडली.”

मला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. १९५४ ला माझे आजोबा अडतीस वर्षांचे होते, बायकापोरांचे, कर्ते. मग अकरा एकर चौदा गुंठे त्यांच्या आईच्या नावावर कशी?

हे सांगणारं माणूस आता एकच उरलंय, माझी थोरली आत्या. तिच्याकडे आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. “काय हुडकायलास रे एवढं?” म्हणाली. पणजीचं नाव काढल्यावर हात थांबले नाहीत, पण आवाज बदलला. घरात तिला म्हातारी माय म्हणत. आत्याचं लहानपण तिच्याच गोधडीत गेलेलं.

पणजोबा १९१८ ला मानमोडीत गेले, इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत. पंचवीसही नसतील. म्हातारी मायचं वय वीस, काखेत दोन वर्षांचं पोर, म्हणजे माझे आजोबा. दिरांनी सांगितलं, चोळीबांगडी आणि दोन वेळची भाकर मिळेल, घरात राहा. ती म्हणाली, हिस्सा द्या. बाईमाणसानं हिस्सा मागितला म्हणून पंच बसले आणि दिला एकदाचा: गावाजवळची काळी भावकीनं ठेवली, तिला खापराचा माळ दिला. मुरूम, दगड, तरवड. गुरंही तिकडं नुसती फिरून यायची.

“मग?”

“मग काय. बसली दगडं येचीत.”

तिनं गळ्यातली बोरमाळ मोडली आणि एक बैल घेतला. एकच, दुसऱ्याचे पैसे नव्हते. पलीकडच्या वाडीत असाच एक-बैल्या माणूस होता, त्याच्याशी वारंगुळा केला: चार दिवस जोडी याच्या रानात, चार दिवस हिच्या. गावात तिला ‘एका बैलाची’ म्हणायचे. दगड वेचून तिनं उताराला आडव्या ताली घातल्या, म्हणजे पावसाची माती तिथं अडेल. दरवर्षी एक ताल. पोराला बांधावर तरवडाच्या सावलीत निजवायची आणि त्याच्याभोवती कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायची, कोल्हं येऊ नये म्हणून. पंधरा-सोळा वर्षांत माळावर ज्वारी उभी राहिली. साऱ्याचे हालीचे, म्हणजे निजामी, रुपये ती स्वतः पाटलाकडे नेऊन मोजायची. चारमिनारचा छाप वर येईल असे एकावर एक रचायची, आणि पावती घेतल्याशिवाय उठायची नाही. वाचता येत नव्हतं, म्हणून पावतीवर हळदीचं बोट उमटवून ठेवायची. त्या पावत्या बळदात, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठीत, एका पितळी डब्यात होत्या. १९९३ च्या भूकंपात मागची भिंत बसली, बळद गेलं, त्यात डबाही गेला.

रझाकारांच्या वेळी घरची सगळी माणसं सोलापूरकडे गेली तेव्हा ही गेली नाही. म्हैस व्यायला झाली होती, असं तिचं कारण. पोलीस ॲक्शन झाली, माणसं परत आली तेव्हा म्हशीचं पारडू दारात बांधलेलं होतं. यातलं किती खरं आणि किती आत्याचं, मला सांगता येणार नाही. पण पारड्याचा रंग आत्या अजून सांगते, कपाळावर चांदणी होती म्हणून.

खासऱ्याच्या वेळी पाहणीवाले आले तेव्हा आजोबांनी स्वतःचं नाव सांगितलं. म्हातारी माय चुलीपाशी होती. तिथून उठून आली आणि म्हणाली, “ह्या रानातला एक दगड ह्यानं उचलला आसंल तर लिवा ह्याचं.” पाहणीवाल्यानं तिचं लिहिलं. आजोबा हे कधी कुणाला बोलले नाहीत. ती १९६०-६१ ला गेली, तिसऱ्या महिन्यात फेर झाला आणि पुढच्या सगळ्या कागदांवर ‘वडिलोपार्जित’ हा शब्द बसला.

आमच्या त्या रानाला बाईचं रान म्हणतात. हे नाव मी जन्मापासून ऐकतोय. लहानपणी वाटायचं, तिथं कुणी बाई विहिरीत पडली असेल, किंवा साती आसरा असतील. संध्याकाळ झाली की आम्ही पोरं तिथून पळत यायचो. मागं वळून पाहायचं नाही असा नियम होता. माझ्या पन्नाशीपर्यंत कुणाला विचारावंसं वाटलं नाही की बाई म्हणजे कोणती बाई. आणि सांगावंसंही कुणाला वाटलं नाही.

आत्याकडून आल्यावर मी ताली मोजायला गेलो. चौदा सापडल्या. काही छातीइतक्या उंच, काही नुसत्या ओळखू येणाऱ्या. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर आमच्याच भागात हजारो माणसं असलीच कामं करत होती, खडी फोडत होती, बांध घालत होती आणि सुकडी खात होती. त्यांची निदान हजेरीपटावर नोंद झाली. खालच्या तालीचे दगड एका माणसाला हलणारे नाहीत. पहारीनं लोटत आणले असणार. एका दगडाखाली अजून खापर आहे, पांढरीतल्यासारखंच.

मूळपुरुषानं गाव वसवलं त्याचा पोळ्याला मान निघतो. आज भावकीजवळ जी जमीन आहे तिचा हिशोब मात्र मी मांडून पाहिला: त्याच्या काळीतली बरीचशी कर्जात, कज्जात आणि दोन पिढ्यांच्या शौकात गेली. माळ राहिला, कारण तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. आता त्याला लागून मोठा रस्ता झालाय, प्लॉट पाडायची भाषा चाललीय, आणि काळीच्या तिप्पट भाव माळाला आलाय. वंशावळीच्या ज्या रेघा एवढ्या जोरात ओढल्या जात आहेत त्या सगळ्या शेवटी या अकरा एकर चौदा गुंठ्यांवर येऊन टेकतात. जिनं तो माळ फोडला ती तेवढी त्या कागदावर नाही.

चुलतभावानं वंशावळीचा फ्लेक्स करून ढाळजेत लावलाय. वडाचं झाड, पानापानावर नाव, खोडावर मूळपुरुष घोड्यावर बसलेला. बैलजोडीचं घोडं कधी झालं कोण जाणे. सत्तावन्न पानं आहेत, मी मोजली. एकही बाई नाही. मी म्हटलं, म्हातारी मायचं एक पान लाव. तो भला माणूस आहे, त्यानं मनावर घेतलं, डिझाइनवाल्याला फोनही केला. मग अडलं कुठं, तर पान कुठल्या फांदीला लावायचं. ती तर बाहेरून आलेली. तिची फांदी तिच्या माहेरच्या झाडाला, आणि तिथल्या फ्लेक्सवर ती असायचं कारण नाही, ती इकडची. शेवटी डिझाइनवाल्यानं सुचवलं, झाडाखाली एक तुळशीवृंदावन टाकू आणि त्यावर लिहू. मी नको म्हणालो.

तिचं माहेरचं नाव आत्यालाही आठवत नाही. खासऱ्यातलं नाव सासरचं, लग्नात तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. माहेर औराद शहाजानीकडचं होतं एवढंच आत्याला ठाऊक. मी हेळव्याची वाट पाहतोय. या सुगीला आला तर विचारीन, औरादकडची कुळं कुणाच्या पोथीत आहेत. त्याच्या पोथीत मुली लिहीत नाहीत, मला माहीत आहे. तरी विचारीन.

दरम्यान वडील गेले, त्याला आता वर्ष होत आलं. वारसाच्या फेरासाठी स्टॅम्पवर वंशावळ लिहून द्यायची होती, ती परवा मीच लिहिली. पूर्वी बहुतेक मुलगेच लिहायचे. हिंदू वारसा कायद्यानं मुलीही वारस आहेत, २००५ च्या दुरुस्तीनंतर तर मुलांच्या बरोबरीनं, त्यामुळे भावाच्या नावाखाली दोन्ही बहिणींची नावं घातली. आत्यांच्या वेळी काय झालं ते मला आठवतं. दिवाळीला तिघी आल्या, भाऊबीज झाली, साड्या नेसल्या आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसून हक्कसोड पत्रावर अंगठे देऊन आल्या. येताना तिघींनी निलंग्याच्या बाजारात बांगड्या भरल्या होत्या. मी जीपमध्ये होतो, मला कुल्फी मिळाली होती.

कागद लिहून झाला तसा धाकट्या बहिणीला पुण्याला फोन लावला. तिला म्हातारी मायची सगळी गोष्ट सांगितली, ताली, एक बैल, पारडू, सगळं. ती बराच वेळ गप्प ऐकत होती. मग म्हणाली, “दादा, तू वंशावळीत माझं नाव घातलास?”

“घातलं की.”

“बरं. मग सोडायची सही करायला कधी येऊ?”